नोकरीतील उत्कर्ष आणि नीटनेटका पोशाख

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात तरुण सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला त्यांतील अनेकजण लवकरच नोकरीच्या शोधार्थ बाहेर पडतील. त्यांना परिश्रमाचे आणि सचोटीचे महत्त्व सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. मी मात्र आज एका अगदी साध्या, कित्येकांना क्षुल्लकही वाटेल अशा विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे कामाच्या ठिकाणचा आपला पोशाख.

शिंपी समाजापुढे पोशाखावर बोलणे म्हणजे सूर्यापुढे पणती धरण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. संत नामदेवांनी आपल्या पदांत गजाची आणि कातरीची उपमा योजली, ती ज्या व्यवसायातून आली तोच आपल्या पूर्वजांचा व्यवसाय. परंतु आपल्या घरांतील एक गोष्ट आपण सर्वजण ओळखतो. दिवाळी जवळ आली की साऱ्या गावाचे कपडे आपल्याकडे शिवून होतात, आणि स्वतःच्या मुलाचा सदरा मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत बेतलेला तसाच पडून राहतो. लोकांना नेटके करण्याच्या कामात स्वतःकडे पाहावयास आपल्याला सवड झाली नाही. आता आपली मुले गादीवरून उठून कचेऱ्यांत, बँकांत, रुग्णालयांत आणि संगणकाच्या कंपन्यांत जात आहेत. म्हणून हा विषय आता आपल्या स्वतःच्या हिताचा झाला आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. गुणी माणसाला वेषाची गरज काय, असे पुष्कळ विचारतात. त्याउलट ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हणही आपल्याच तोंडी असते. माझ्या मते दोन्ही टोके सोडावीत. पोशाखाने कोणाला हिशेब येत नाही, की यंत्र दुरुस्त करता येत नाही. परंतु मुलाखतीच्या खोलीत उमेदवार शिरतो तेव्हा त्याचे गुण पेटीत बंद असतात आणि पेटीचे बाह्यरूप तेवढे समोर दिसते. पाहणाऱ्याला पेटी उघडावीशी वाटली पाहिजे. चांगला पोशाख गुणांची उणीव भरून काढीत नाही. तो गुणांच्या वाटेतील एक अडथळा दूर करतो. त्याचे कार्य एवढेच, परंतु पहिल्या पिढीतील नोकरदाराला हे एवढेच फार मोलाचे असते. ज्याच्या मागे ओळखीचे पाठबळ आहे त्याचा चुरगळलेला सदरा ‘साधेपणा’ ठरतो. ज्याच्या मागे कोणी नाही त्याचा तोच सदरा ‘निष्काळजीपणा’ ठरतो. हा न्याय नव्हे, पण जग पुष्कळदा असे चालते, आणि ते आपल्या मुलांपासून लपवून ठेवणे हे त्यांच्या हिताचे नाही.

पोशाख हा केवळ शोभेचा विषय नाही, याला इतिहासच साक्षी आहे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले, आणि १८५९ साली राजाज्ञा निघाली तेव्हा कोठे तो अधिकार त्यांच्या पदरात पडला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या भगिनींना उपदेश केला तो असा की, अस्पृश्यतेची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने टाकून द्यावेत आणि स्वच्छ राहावे. स्वतः बाबासाहेबांचा कोट-पाटलोणीचा नीटनेटका वेष हा त्यांच्या समाजाला स्वाभिमानाचे प्रतीक वाटत आला आहे. दुसऱ्या बाजूने पाहा. १८८८ साली पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात महात्मा जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे गांधीजींनी पंचा स्वीकारला आणि १९३१ साली लंडनच्या राजवाड्यातही ते त्याच वेषात गेले. या थोर पुरुषांचे वेष परस्परांहून किती निराळे! परंतु एक गोष्ट सर्वांत समान होती. प्रत्येकाने आपला वेष विचारपूर्वक निवडला होता, आणि पाहणाऱ्याने त्यातून काय समजावे हे त्याला पक्के ठाऊक होते. दारिद्र्याने किंवा आळसाने अंगावर आलेला वेष आणि विचाराने धारण केलेला वेष यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कामाच्या क्षेत्रातही हेच दिसते. वकिलाचा काळा कोट आणि पांढरे बँड ही बार कौन्सिलच्या नियमांनी ठरविलेली गोष्ट आहे. त्यामुळे नवखा वकील आणि मुरलेला वकील न्यायासनापुढे एकाच वेषात उभे राहतात. मुंबईचे डबेवाले पाहा. त्यांची पांढरी टोपी दिसली की अनोळखी इमारतीचे दार त्यांना उघडते. २००३ साली इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स त्यांना भेटावयास आले तेव्हा ती टोपी जगभर पोहोचली. तिची किंमत ती किती? परंतु तिच्यामागे वक्तशीरपणाची पुण्याई उभी आहे, म्हणून तिला मोल आले. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्याचे आवाहन केले. मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठीही तशाच सूचना निघाल्या. अशा सूचना योग्य की अयोग्य यावर वाद झाले आणि ते होणारच. आपण त्यातून एवढेच घ्यावे की, पोशाखाकडे कोणी पाहत नाही ही समजूत खरी नव्हे.

मात्र या विषयात जे अवास्तव बोलले जाते त्यापासूनही सावध असावे. १९७५ साली अमेरिकेत जॉन मॉलॉय यांचे यशासाठी पोशाख कसा करावा हे सांगणारे पुस्तक निघाले आणि तेव्हापासून या विद्येचा बाजारच मांडला गेला. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी असे मांडले की, डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घालणाऱ्याची एकाग्रता वाढते. ती गोष्ट सर्वत्र गाजली. परंतु २०१९ मध्ये इतरांनी त्यांतला पहिला प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. तेव्हा कोट चढविला की बुद्धी चढते, असे कोणी सांगितल्यास हसून सोडून द्यावे.

आता व्यवहाराकडे वळतो. आपल्या व्यवसायाचे जे ज्ञान आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोटांत आहे ते येथे मुलांच्या उपयोगी पडणारे आहे.

पहिली गोष्ट बेताची. महाग कापडाचा ढगळ सदरा हा साध्या कापडाच्या मापात बसलेल्या सदऱ्यापुढे नेहमीच फिका पडतो. तयार कपडा घेताना प्रथम खांदा पाहावा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली पाहिजे. कमर आत घेणे, बाही आखूड करणे, पाटलोणीची लांबी उतरविणे ही कामे कोणीही कारागीर थोड्या पैशांत करून देतो. खांदा दुरुस्त करणे मात्र जवळजवळ नवा कपडा शिवण्याइतकेच अवघड आहे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. पाटलोण बुटावर टेकावी, टाचेखाली लोळू नये. सुती कपडा एकदा धुऊन मगच दुरुस्तीस द्यावा, कारण तो पहिल्या पाण्यात आटतो.

दुसरी गोष्ट निगेची. सैल झालेले बटण, लोंबणारा दोरा, उसवलेली तुरपाई, मळलेली कॉलर आणि धुळीने माखलेले बूट, या पाच गोष्टी दूर करण्यास सुई, दोरा, साबण, इस्त्री आणि पॉलिश यांपलीकडे काही लागत नाही. आपल्या घरातील प्रत्येक मुलाला आणि मुलीला बटण लावता आले पाहिजे. न येणे ही आपल्या कुळाला शोभणारी गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट संख्येची. कामास लागणाऱ्याला दोन गडद रंगाच्या पाटलोणी आणि फिकट रंगाचे चार सदरे पुरेत. मुलींनी साडी नेसावी, सलवार-कुडता घालावा की पाटलोण, हे त्यांनी आपल्या कामाच्या स्वरूपावरून आणि सोयीवरून ठरवावे. मुलींच्या पोशाखावर टीका करण्याची जी तत्परता आपण दाखवितो तेवढी त्यांच्या प्रवासाच्या आणि पगाराच्या बाबतीत दाखविली तर अधिक बरे होईल. मुंबईच्या दमट हवेत सुती कापडासारखे सुख नाही. मात्र त्याला रोज इस्त्री हवी. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने मिश्र धाग्याचे कापड घ्यावे.

चौथी गोष्ट स्थळकाळाची. संगणकाच्या कंपनीत सारेजण साध्या वेषात बसतात. तेथे एकट्याने टाय बांधून जाणे हेही शोभत नाही. कारखान्यात सैल बाही यंत्रात अडकण्याचा धोका असतो; तेथे सुरक्षितता हीच शोभा. ज्या ठिकाणी जावयाचे तेथील माणसे कशी वावरतात हे आधी पाहून यावे, आणि त्यांतील नीटनेटक्या माणसांच्या पंक्तीत बसेल असा वेष करावा. अलीकडे पडद्यावरून मुलाखती होतात. तेथे बारीक रेघांचे कापड टाळावे, कारण चित्रात त्या रेघा थरथरताना दिसतात. एकरंगी सदरा उत्तम.

आता मुद्द्याची आणि थोडी कटू गोष्ट सांगतो. आपल्याकडे पैसा नाही असे नाही. तो भलत्या जागी जातो. लग्नात एक दिवस मिरविण्यासाठी नवरदेवाचा भरजरी पोशाख येतो आणि पुढे तो कपाटात लटकत राहतो. तेवढ्या रकमेत त्याच मुलाचे दोन-तीन वर्षांचे कामाचे कपडे झाले असते. कर्ज काढून घेतलेल्या नामांकित छापाच्या कपड्याचीही हीच कथा. हप्ता फेडण्याच्या चिंतेने ज्याचे मन पोखरले आहे त्याच्या चेहऱ्यावर कोणताही पोशाख तेज आणू शकत नाही. आपल्या ऐपतीत राहून स्वच्छ आणि बेताचे ल्यावे; उरलेला पैसा पुढील शिक्षणात घालावा.

जे सभासद आज अधिकाराच्या जागी आहेत त्यांनाही माझी एक विनंती आहे. उद्या तुमच्यापुढे एखादा उमेदवार जुन्या, परंतु स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात येईल. त्याच्या कॉलरीकडे पाहून मत बनवू नका; त्याला चार प्रश्न अधिक विचारा. पोशाखाचे महत्त्व मुलांना शिकविणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच पोशाखापलीकडे पाहणे हेही आपलेच कर्तव्य आहे. शिंप्याला हे कोणी सांगावयास नको, कारण कापडाच्या आत माणूस कसा असतो हे माप घेताना त्याच्याइतके कोण पाहतो?

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवून मी आपली रजा घेतो. बाहेरगावाहून शहरात येणारी आपली कित्येक मुले कपड्यांच्या संकोचाने मुलाखतीसच जात नाहीत. संस्थेने आपल्या कार्यालयात एक कपाट ठेवावे. त्यात निरनिराळ्या मापांचे दहा-बारा चांगले सदरे, पाटलोणी, दोन-तीन कोट आणि मुलींसाठी साड्या व कुडते असावेत. मुलाखतीपुरते ते न्यावेत आणि धुऊन, इस्त्री करून परत आणून द्यावेत. नोंदवही ठेवावी, परंतु नेणाऱ्याचे नाव चारचौघांत उच्चारू नये. ज्यांच्या घरी लग्नाचे कोट पडून आहेत त्यांनी ते या कपाटास द्यावेत. आणि आपल्यातील जे वृद्ध कारागीर आजही यंत्रावर बसतात त्यांनी महिन्यातील एक रविवार येथे यावे, मुलांना माप घेऊन कपडे अंगाबरोबर करून द्यावेत, आणि जमल्यास सुई-दोऱ्याचे चार टाकेही शिकवावेत. तयार कपड्यांच्या लाटेत ज्यांची दुकाने ओस पडली त्यांच्या कलेला यामुळे पुन्हा मान मिळेल, आणि ज्यांच्यापुढे सारे आयुष्य पडले आहे त्यांना पहिल्या उंबरठ्यावर आधार मिळेल.

ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची लाज राखली तिच्या मुलामुलींनी लाजत जगात जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.