मंडळ जबाबदार राहणार नाही



जिल्हाभरातल्या क्रीडा मंडळांच्या या सभेचं अध्यक्षपद मला का दिलंत ते मी ओळखून आहे. तरुणपणी मी कबड्डीत उजवा कोपरा सांभाळला आणि पुढे तीस वर्षं विम्याचे दावे तपासले. म्हणजे आधी लोकांचे पाय ओढले, नंतर त्यांच्याकडे कागद मागितले.

येताना गेल्या दोन हंगामांतली स्पर्धांची पत्रकं चाळली. मैदानं वेगळी, बक्षिसं वेगळी, पण तळाची ओळ सगळीकडे एकच: 'खेळताना दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.' छापखानेवाल्यांनी ती जुळवून कायमची बाजूला ठेवली असावी. आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

तिच्यात थोडं तथ्य आहे. चढाईला निघालेल्या पोराला घोटा धरला जाणार, अंगावर चौघे पडणार, हे ठाऊक असतं. ती जोखीम पत्करूनच तो मध्यरेषा ओलांडतो, आणि कायदाही हे मानतो. पण मैदानाच्या रेषेपासून दोन फुटांवर रोवलेला हॅलोजनचा लोखंडी खांब त्याने पत्करलेला नसतो. मातीत राहिलेली काच नाही, की दोन मॅटमधली फट नाही. खेळातली जोखीम खेळाडूची, मैदानाची निगा मंडळाची. ही वाटणी पत्रकातल्या एका ओळीने पुसली जात नाही. कुमार गटात तर त्या ओळीला आणखी कमी वजन. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करारच करता येत नाही, मग त्याच्या सहीचं काय घेऊन बसलात?

आणि प्रेक्षक? मार्च २०२१ मध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनियर कबड्डी स्पर्धेची गॅलरी सामने सुरू होण्याआधीच कोसळली. शंभरावर माणसं जखमी झाली. ती तर खेळायलाही आली नव्हती.

पंचांनीही सावरून बसावं. इंग्लंडमध्ये १९९१ साली तरुणांच्या एका रग्बी सामन्यात एकमेकांना भिडलेल्या खेळाडूंची झुंड, म्हणजे स्क्रम, वारंवार कोसळत राहिली आणि सतरा वर्षांच्या मुलाचा मणका मोडला. नियम नीट राबवले नाहीत म्हणून न्यायालयाने पंचाला जबाबदार धरलं. तो निकाल आपल्याकडच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार कुठल्याही वकिलाला सुचण्यासारखा आहे.

आता विमा. 'आमच्या मुलांचा विमा काढलाय' असं सांगणाऱ्या चिटणीसाला मी विचारतो, कोणता? अपघात विमा मुलाला पैसे देतो, चूक कुणाचीही असो. मंडळावर कुणी दावा लावला तर त्यासाठी दायित्व विमा लागतो, आणि तो काढलेलं मंडळ मी क्वचितच पाहिलं. एजंटाकडे तो वेगळा मागून घ्या. सार्वजनिक दायित्व विम्याचा १९९१ चा कायदा आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. तो घातक रसायनांसारख्या पदार्थांपुरता आहे.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. प्रत्येक खेळाडूने ते घ्यावंच. पण ते अठरा वर्षांपुढच्यांना, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेसाठी त्यातून छदाम मिळत नाही, आणि आपल्या खेळात सगळ्यात जास्त काय तुटतं हे या सभागृहाला मी काय सांगावं! म्हणून गट अपघात विमा घेताना उपचारखर्चाची जोड मागा. स्पर्धेतला खेळ वगळलेला नाही ना, तेही वाचून घ्या. आणखी एक कटू गोष्ट: मैदानात हृदय बंद पडून मूल गेलं, तर अपघात विम्यात त्याला सहसा अपघात मानत नाहीत. पॉलिसीच्या व्याख्येत अपघाताचं कारण बाहेरचं, दिसणारं आणि जोराचं असावं लागतं.

दहीहंडीच्या गोविंदांसाठी सरकारने विमा आणला, मृत्यू झाल्यास १० लाख. चांगलंच झालं. पण तो सण एका दिवसाचा, आणि त्या दिवशी सगळे कॅमेरे थरांकडे असतात. आपली पोरं वर्षभर पडतात, अंधारात.

एक माझ्याच मंडळातली गोष्ट. गट विमा होता, हप्ता भरलेला होता. ऐन सामन्यात एक गडी कमी पडला म्हणून शेजारच्या आळीतल्या पोराला उतरवलं. त्याचं कोपर निखळलं. यादीत त्याचं नाव नव्हतं. दावा नाकारला गेला, आणि मी टेबलाच्या पलीकडे असतो तर मीही नाकारला असता. आम्ही वर्गणी काढली. वर्गणीला आपण बंधुभाव म्हणतो, पण त्या पोराच्या आईने पैसे घेताना मान वर केली नाही. चूक आमची होती, आणि हात तिला पसरावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे वही आहे: रोज कोण उतरलं, जन्मतारीख काय, आणि मैदान कुणी तपासलं.

मघाशी हॅलोजनच्या खांबाचं उदाहरण मी हवेतून काढलं नव्हतं. सकाळी इथलं मैदान फिरून आलो. पूर्वेच्या कोपऱ्यातला तो खांब चार हात मागे घ्या, निदान त्याला जुन्या गाद्या तरी बांधा. आजचा प्रदर्शनीय सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी हरकत नाही. उद्घाटक तसेही अजून आलेले नाहीत.