जत्रेची चूल आणि चुलीपाशीं बसणारे

चैत्र लागला कीं जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत गांवोगांवच्या जत्रांना आरंभ होतो. कोठें भैरवनाथ, कोठें खंडोबा, कोठें मुक्ताबाई. दैवत निराळें असलें तरी दिवसाचा क्रम बहुधा सारखाच. देवाला गोडाचा नैवेद्य, घाटांत बैलगाड्यांची शर्यत, रात्रीं तमाशा, आणि पाहुण्यांसाठीं मटण-भाकरीची पंगत. मुंबईला पोटामागें गेलेला माणूस एरवीं वर्षभर गांवीं येवो न येवो, त्या दिवशीं येतोच.

ही पंगत घरच्या चुलीवर उठत नाहीं. मोकळ्या शेतांत जमिनींत लांबट चर खणतात, त्यांत लांकडें रचतात आणि त्यावर पातेलीं चढतात. भाजलेलें खोबरें, कांदा, लसूण यांच्या वाटणाची तारीफ सर्वत्र होते. परंतु खरी कसोटी जाळाची असते. मोठ्या पातेल्याचा तळ लागला कीं साऱ्या रश्श्याला करपट वास येतो. जाळ मंदावला तर मांस चिवट राहतें. लांकूड केव्हां पुढें सारावें आणि निखारा केव्हां बाजूला ओढावा, हें ज्याला कळतें त्याच्या हातीं त्या दिवशीं गांवाची अब्रू असते. शर्यत जिंकणाऱ्या बैलांचीं नांवें तालुकाभर होतात. जाळ राखणारा कोण होता असें विचारलें, तर जेवणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

ही विस्मृति नवी नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचें तपशीलवार वर्णन आहे. त्या व्यवस्थेंत बकरें कापण्याचें काम मुलाण्याचें, मडकीं कुंभाराचीं, वाजप मांगाचें आणि सरपणापासून सांगाव्यापर्यंतची धांवपळ महाराची. प्रत्येकाला कामाचा वांटा ठरलेला असे. वांटा मिळे, परंतु पंगतींत जागा मिळे असें नाहीं. अस्पृश्य मानलेल्या माणसांनीं दूर बसावें आणि सर्वांच्या मागून, उरलेलें वरून वाढलेलें घ्यावें, हाच रिवाज होता.

श्रमाला वांटा द्यावयाचा आणि माणसाला मान द्यावयाचा नाहीं, हा प्रकार एका देशापुरता नव्हता, हें महात्मा जोतीराव फुले यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. १८७३ सालीं त्यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील काळ्या लोकांना दास्यांतून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचें कार्य पुढें जुन्नर तालुक्यांत ओतूरपर्यंत पोंचलें. अशा या मुलखांतील जत्रेच्या चुलीपाशीं उभें राहून अमेरिकेकडे पाहणें म्हणूनच अप्रस्तुत ठरूं नये.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत बार्बेक्यू नांवाचा पाकप्रकार प्रसिद्ध आहे. त्याची जुनी रीत जत्रेच्या चुलीची आठवण करून देणारी आहे. तेथेंही जमिनींत चर खणीत. मात्र भांडें चढवीत नसत. हिकरी किंवा ओक जातीचें लांकूड बाजूला जाळून त्याचा निखारा फावड्यानें चरांत पसरीत, वर आडव्या काठ्या टाकून त्यांवर अख्खें डुक्कर ठेवीत, आणि शिरका, मीठ व मिरची यांचें पाणी त्याला वरचेवर चोपडीत. मंद आंचेवर हें काम रात्रभर चाले. जाळ्यावर मांस भाजण्याची मूळ कल्पना त्या भूमीच्या आदिवासींची. परंतु मळेवाल्यांच्या मेजवान्यांसाठीं रात्रभर धुरांत जागणारे लोक बहुतांशीं आफ्रिकेंतून आणलेले गुलाम आणि त्यांची संतति होती.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, तेव्हां ज्यांच्याजवळ जमीन नव्हती आणि भांडवल नव्हतें, अशांपैकीं कित्येकांना हेंच कसब उपयोगीं पडलें. टेनेसी राज्यांत जन्मलेला हेन्री पेरी हा काळा आचारी विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅन्सस शहरीं आला आणि भाजलेलें मांस वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून विकूं लागला. त्या शहराच्या आजच्या कीर्तीचा पाया त्यानें घातला. तरी पुढें या पाककलेच्या स्पर्धा भरूं लागल्या, पुस्तकें निघालीं, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले, तेव्हां त्यांत गोऱ्या आचाऱ्यांचेच चेहरे अधिक झळकले. एड्रियन मिलर यांनीं २०२१ सालीं ‘ब्लॅक स्मोक’ हा ग्रंथ लिहून या विस्मृत आचाऱ्यांचा इतिहास मांडला. त्यापूर्वीं २०१८ सालीं दक्षिण कॅरोलायनाच्या रॉडनी स्कॉट यांना तेथील मानाचा जेम्स बीअर्ड पुरस्कार मिळाला होता.

महाराष्ट्राची कथा एका ठिकाणीं याहून निराळी वळते. मेलेलें जनावर गांवाबाहेर ओढून नेण्याचें काम महारांवर लादलेलें होतें आणि त्याचें मांस हा पुष्कळदां त्या श्रमाचा मोबदला होता. एका दिवसांत न संपणारें मांस पट्ट्या कापून उन्हांत वाळवीत. त्यांस चान्या म्हणत. त्यांवर टंचाईचे दिवस निघत. त्या टिकविण्यांत आणि शिजविण्यांत कसब होतें, परंतु त्या कसबाला अपमानाचा दोर बांधलेला होता. मार्च १९२७ मध्यें महाड येथील परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत जनावराचें मांस सोडण्यास सांगितलें, आणि लोकांनीं भाकरीची चिंता असतांनाही तें सोडलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें नष्ट केलीं. अमेरिकेंत पदार्थ राहिला आणि करणाऱ्याचें नांव मागें पडलें. येथें करणाऱ्यानें माणुसकीसाठीं ताटांतला घांसच टाकला.

टाकलेल्याचीही नोंद मात्र राहिली पाहिजे. नाहीं तर ज्यांनीं त्याग केला त्यांनीं काय सोसलें, हें पुढच्या पिढीला कळणार नाहीं. छापील पाकपुस्तकांत या अन्नाला फारशी जागा मिळाली नव्हती. पुणें विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रानें २००९ सालीं दलितांच्या अन्नविषयक आठवणी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यांतील दलितांचें अन्न आणि त्यामागील जीवन वाचकांपुढें ठेवलें. पुस्तकाच्या नांवांतला तो ‘अ’ जेवण्याच्या आरंभीं म्हणावयाच्या वचनाला थांबवून विचार करावयास लावतो.

आज जुन्नर-आंबेगांवकडील जत्रेंत बलुत्याऐवजीं मजुरी ठरते. जाळापाशीं बसणारा कोणत्याही जातीचा असूं शकतो. पण धूर तोच आहे आणि तें जागरणही तेंच आहे. जत्रेच्या आधीं प्रत्येक गांवांत एक पत्रिका छापतात. तींत देणगीदारांचीं नांवें असतात, तमाशाच्या फडाचें नांव असतें, शर्यतीचीं बक्षिसें असतात. त्याच पत्रिकेंत जाळ राखणाऱ्यांचीं, बकरें कापणाऱ्याचें आणि वाटण वाटणाऱ्या बायांचीं नांवें घालण्यास एक ओळ पुरे. छपाईचा खर्च त्यानें वाढत नाहीं. आणि पंगत उठण्यापूर्वीं त्या माणसांना बोलावून, पहिल्या ओळींत बसवून वाढलें, तर देवाचा नैवेद्य खऱ्या अर्थानें पोंचेल.