कळफलकाच्या पोटातला फोम



जुना यांत्रिक कळफलक म्हटला की लोक त्याच्या वजनाबद्दल बोलतात, नाहीतर आवाजाबद्दल. पोलादी पत्रा, जाड प्लास्टिकची कळ, टक्क असा ठाम ठोका. आज मी बोलणार आहे ते या सगळ्याच्या आत दडलेल्या आणि बनवणाऱ्यांनी बहुधा फारसं लक्ष न दिलेल्या वस्तूबद्दल. ती म्हणजे फोम. कारण चाळीस वर्षांनी कळफलक मुका होतो, तेव्हा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच निघतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्यासोबत ८३ कळांचा जो कळफलक आला, त्याला संग्राहक ‘मॉडेल एफ’ म्हणतात. त्याची करामत बघा. प्रत्येक कळीखाली प्लास्टिकची एक नळी, नळीत उभी स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पायाशी कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची छोटी पट्टी. कळ दाबत गेलं की एका क्षणी स्प्रिंग मध्येच लचकते, पट्टी कलंडते आणि खालच्या सर्किट बोर्डावरची विद्युत धारकता बदलते. धातूला धातू लागण्याची गरजच नाही, त्यामुळे झिजायला संपर्कच नाहीत. आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिस यांना या पद्धतीचं पेटंट १९७८मध्ये मिळालं.

हा सगळा सरंजाम दोन पोलादी पत्र्यांमध्ये दाबून बसवलेला असतो. नळ्यांची रुंद बुडं आणि वरचा पत्रा यांच्या मध्ये फोमची चादर असते. तिला भोकं पाडलेली, प्रत्येक भोकातून एक नळी वर आलेली. ही चादर आवाज कमी करायला घातली आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नळ्यांना बोर्डावर घट्ट दाबून धरणं हे तिचं काम. फोम गेला की नळ्या सैल होतात, पट्ट्या जागा सोडतात, आणि ‘क’ दाबला तर काहीच उमटत नाही किंवा भलतंच उमटतं. म्हणजे हा यंत्राचाच एक भाग आहे, अस्तर नव्हे, हे माझं आजचं मुख्य म्हणणं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या स्पोकेनच्या की ट्रॉनिक कंपनीचं. ॲपलचा १९८३चा लिसा आणि त्याच वर्षी बाजारात आलेला कॉम्पॅक पोर्टेबल, दोन्हींना तिचे कळफलक होते. इथे तर प्रत्येक कळीच्या दांड्याखाली फोमची स्वतंत्र चकती, आणि चकतीच्या तळाला धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. फिल्म बोर्डावर सपाट टेकली की धारकता बदलते, आणि ती सपाट टेकवण्याचं काम फोमचं. फोम मऊ पिठासारखा झाला की फिल्म वाकडी लोंबते. मग त्या कळफलकाला लिसाचा मान द्या नाहीतर म्युझियमची काच, अक्षर उमटायचं नाही.

फोम कुजतो कशानं? हा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा, आणि पॉलियुरेथेन १९३७मध्ये ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी लेव्हरकुझेनला शोधलं. त्याचे ढोबळमानानं दोन प्रकार. पॉलिएस्टर जातीच्या फोमची साखळी पाण्याच्या वाफेनं तुटते, पॉलिईथर जातीचा हवेतल्या ऑक्सिजननं आणि उजेडानं. पहिला चिकट होतो, दुसरा बहुधा ठिसूळ होऊन भुगा होतो. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटाचा तळ एखाद्या पावसाळ्यात सुटून हातात येतो, ते याच रसायनाचं कर्तृत्व. ठेवणीतली वस्तू सुरक्षित, हा आपला लाडका समज इथे कामाला येत नाही. मुंबई-कोकणातली हवा तर याला खतपाणीच घालते. आयबीएम १९७८मध्ये भारतातून गेली आणि १९९२मध्ये टाटांसोबत परतली, त्यामुळे मॉडेल एफ आपल्या भंगारात क्वचितच सापडतो. इथले हौशी लोक तो बाहेरून मागवतात, आणि त्याचं आगमन पावसाळ्यात झालं तर आणखी मजा.

आता दुरुस्ती. आधी सगळ्या कळा उपटून काढायच्या. पत्र्यांना वाकवलेल्या जिभा असतात. त्या सांभाळत एक पत्रा दुसऱ्यावरून सरकवायचा, घाई करायची नाही. आत उघडलं की काळा भुगा. तो कोरड्या ब्रशनं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. पत्र्यावर बहुधा फोमच्या आकाराचाच गंज दिसतो, कारण फोमनं ओल धरून ठेवलेली असते. तो तेव्हाच काढायचा, पुन्हा हा पत्रा उघडायला कोण बसणार!

जुन्या फोमचा साचा काढता येत नाही, तो हातातच विरघळतो. सोपा उपाय म्हणजे वरचा पत्रा नव्या शीटवर ठेवून त्याच्या भोकांमधून पेनानं खुणा करायच्या, आणि चामड्याला भोकं पाडतात तसा पोकळ पंच हातोडीनं मारायचा. ठोका सरळ बसला पाहिजे, नाहीतर भोक कडेला फाटतं.

कोणता फोम घ्यावा यावर वाद आहेत. माझं मत स्पष्ट आहे. पुन्हा पॉलिएस्टर युरेथेन घालू नये, बंद पेशींचा ईव्हीए किंवा पॉलिइथिलिन घ्यावा. मूळ वस्तूशी प्रामाणिक राहायचं म्हणून मरणारा पदार्थच परत घालणं मला पटत नाही. जाडी मात्र नेमकी हवी. फोम जाड झाला तर पत्रे मिटतच नाहीत, किंवा जोर करून मिटवले तर कळ जड लागते. पातळ झाला तर नळ्या खुळखुळतात. म्हणून एका कोपऱ्यात आधी तुकडा घालून पत्रे मिटवून पाहावेत. की ट्रॉनिकमध्ये कठीण भाग म्हणजे फिल्म. तिचा लेप इतका पातळ की बोटाच्या नखानं ओरखडा उठतो.

मॉडेल एफ जुळवताना वरचा पत्रा पालथा ठेवून फोम, नळ्या, पट्ट्या असा क्रम लावायचा, मग बोर्ड आणि खालचा पत्रा. शिकंजे लावून हळूहळू आवळायचं. कळा बसवताना कळफलक उभा धरायचा, म्हणजे स्प्रिंग हव्या त्या बाजूला कलते. प्रत्येक कळ बसवली की लगेच दाबून ऐकायची. ठोका बोथट आला तर ती कळ काढून परत बसवायची, पुढे जायचं नाही. तिथे आळस केला की सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून.

संग्रहालयातले लोक मला विचारतील, मूळ फोम फेकलात का? नाही. चिमूटभर भुगा कागदाच्या पुडीत घालून तारीख लिहून ठेवावा, आणि नवा फोम कोणता, किती जाडीचा, हे पत्र्याच्या आत चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठी लिहायला पेन्सिल वापरा, शाई पसरते.