अंगणातील आपली झाडे



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझी एक बाग फसलेली आहे. घर बांधले तेव्हा पुढच्या अंगणात मी हिरवळ केली, कडेने विलायती गुलाब लावले. थंडीभर लोक थांबून पाहत. मग वैशाख आला, नळाचे पाणी आटले आणि मी टँकर मागवला. हिरवळीवर नळी धरून उभा होतो, तेव्हा फाटकाबाहेर गल्लीतील बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी शब्दही बोलले नाही. हिरवळ वाळली, ती मी पुन्हा लावली नाही.

दोष झाडांचा नव्हता, माझा होता. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राज्ये गेली, माती तीच राहिली. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगाळताना कोवळी मुळे तोडते. पाऊस चार महिन्यांचा. त्या पुंजीवर उरलेले आठ महिने काढायचे. हा संसार ज्यांना साधला, ती आपली झाडे.

त्यांची रीत पाहा. पळस उन्हाळा लागण्यापूर्वीच पाने टाकून पाण्याचा खर्च कमी करतो आणि निष्पर्ण फांद्यांवर फुले घेतो. बहावा भर उन्हात पिवळी झुंबरे लावतो. करंजाला उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी येते आणि नेमकी हवी तेव्हा सावली मिळते. आपल्या कारंज्याचे नाव लोक करंज ऋषींशी जोडतात. त्या गावच्या घरांपुढे तरी करंज असावा की नाही?

आता आपल्या ओळखीच्या मंडळींकडे वळू. गुलमोहर मादागास्करचा, सदाफुलीही तिकडचीच. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, आणि देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा मूळचा अमेरिकेतला! यांना उपटून टाका, असे मी म्हणत नाही. पाहुण्याने सुखाने राहावे. घरच्यांना बाहेर काढू नये, इतकेच. घाणेरी शोभेसाठी आली आणि रानेच बळकावून बसली. अलीकडे झटपट हिरवे कुंपण म्हणून कोनोकार्पस लावतात. गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

आपल्या आज्यांनी वनस्पतिशास्त्र वाचले नव्हते, पण त्यांचे परसू आठवा. न्हाणीचे पाणी जाई तेथे केळ आणि अळू. तहानलेल्या झाडांना सांडपाणी, प्यायचे पाणी नव्हे. दारी तुळस, कोपऱ्यात पारिजातक, खोकल्यासाठी अडुळसा, फोडणीसाठी कढीलिंब, कुंपणाला कोरांटी आणि गुळवेल. शोभा, औषध आणि स्वयंपाक एकाच जागेत होता. आज आपण त्याच अंगणात फरशी घालतो आणि उन्हाळ्यात घर तापते म्हणून कुरकुरतो.

तेव्हा करायचे काय? मोठे अंगण असेल तर बहावा किंवा करंज. लहान असेल तर पारिजातक, कढीलिंब, अडुळसा. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ नकोत. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते; ते एका कडेला दगडावर घासावे, दिवसभर पाण्यात भिजवावे, मग पेरावे. दोन फूट खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, शेणखत मिसळून भरावा आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागेल; आपले झाड झाले तरी मूल ते मूलच. बुडाशी पालापाचोळा पसरावा, जाळू नये.

पुढे कढीलिंबावर अळ्या दिसतील. लगेच औषध फवारू नका. चार पाने जातील, आणि थोड्याच दिवसांत काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची फुलपाखरे दारात फिरतील. मुलांना ती दाखवा, आणि झाडांची नावेही सांगा. ज्या मुलाला बहावा ओळखता येत नाही, ते मोठेपणी बहावा तोडला म्हणून हळहळणार नाही.

माझ्या हिरवळीच्या जागी आता बहावा उभा आहे. त्याच्यासाठी मी टँकर मागवत नाही, आणि वैशाखात फाटक उघडताना मान खाली घालावी लागत नाही. येत्या मृगात आपणही एक तरी आपले झाड लावावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.