साखर आणि हरवलेला रेफ



भाषेविषयीचा एक समज आपल्या मनात फार खोल रुजला आहे. संस्कृत ग्रंथातला शब्द तो शुद्ध, आणि लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेला शब्द म्हणजे त्याचे बिघडलेले रूप. या समजाला मोठी परंपरा आहे. पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ हा एक साधू, म्हणजे शुद्ध, शब्द सांगितला आणि गावी, गोणी, गोता, गोपोतलिका या लोकांतल्या रूपांना अपभ्रंश म्हटले. आपल्या शाळांतून आजही मुलाच्या घरच्या बोलीवर लाल रेघ ओढली जाते, ती याच विचाराने. आज मी ‘साखर’ या एकाच शब्दाची साक्ष काढणार आहे. भारतातून निघून जगातल्या असंख्य भाषांत पोचलेला शब्द ‘शर्करा’ नाही. पोचली ती बाजारात बोलली जाणारी प्राकृत रूपे, आणि याचा पुरावा त्या शब्दाच्या लेखनातच शिल्लक आहे.

‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, कंकर, कचकच लागणारी भरड रेती. शतपथ ब्राह्मणात सृष्टीची उत्पत्ती सांगताना माती, वाळू, दगड यांच्या रांगेत शर्करा येते, तिथे गोडाचा संबंध नाही. सुश्रुताने मूत्रमार्गात होणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या साधली, तेव्हा त्या दाण्यांना खड्यांचे नाव मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे. पातळ काकवीपासून कोरड्या दाण्यापर्यंतची ती चढण आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शब्द जुना म्हणून पदार्थही तितकाच जुना, असे म्हणता येत नाही. वैदिक वाङ्मयात शर्करा आहे, म्हणून वेदकाळी साखर होती, हा निष्कर्ष चुकीचा आहे. संदर्भ खाण्याचा असेल तेव्हाच त्या शब्दाची साक्ष ग्राह्य धरायची.

आता मराठीकडे वळू. प्राकृतात जोडाक्षरातला रेफ, म्हणजे व्यंजनाआधीचा ‘र्’, पुढच्या व्यंजनात मिसळून जातो, ते व्यंजन दुप्पट होते, आणि मराठीत येताना ते पुन्हा एकेरी होऊन आधीचा स्वर लांबतो. कर्म, कम्म, काम. सर्प, सप्प, साप. कर्ण, कण्ण, कान. शेवटचा ‘आ’ही गळतो, म्हणून जिव्हेची जीभ झाली आणि लज्जेची लाज. मात्र लिंग बदलले नाही. ती जिव्हा, ती जीभ. ती शर्करा, ती साखर. झीज म्हणतात ती अशी काटेकोर नियमाने होते, आळसाने किंवा अज्ञानाने होत नाही. फक्त एक गोष्ट या नियमात बसत नाही. मर्कटाचे मक्कड आणि पुढे माकड झाले, त्या न्यायाने शर्करेची ‘साकर’ व्हायला हवी होती. गुजरातीत ती तशी झालीही. मराठीत मात्र ‘ख’ आहे. हा ‘ख’ मराठीने नव्याने आणलेला नाही. पालीत हा शब्द ‘सक्खरा’ असाच आहे. म्हणजे प्राचीन काळी या देशात रेफ गमावलेली दोन रूपे नांदत होती, एक ‘क्क’चे आणि एक ‘क्ख’चे.

हा नियमाबाहेरचा ‘ख’ पुढे फार मोलाचा ठरतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतच्या बंदरांचा वृत्तांत लिहिला. ‘पेरिप्लस’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. आपले पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण त्यात येतात. भरुच आणि त्याच्या शेजारच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप, तिळाचे तेल, कापड यांच्याबरोबर ‘साखरी म्हणतात तो वेताचा मध’ असा माल त्याने नोंदवला आहे. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सांगतो की, भारतात आणि अरबस्तानात वेतांमध्ये सापडणारा हा घट्ट मध मिठासारखा दाताखाली फुटतो. रोमचा प्लिनीही त्याची नोंद करतो आणि तो केवळ औषधाला वापरतात असे म्हणतो. या ग्रीक शब्दात रेफ नाही, आरंभी ‘स’ आहे, आणि मधले व्यंजन ‘ख’सारखे महाप्राण आहे. म्हणजे तो पंडिताच्या ‘शर्करे’वरून घेतलेला नाही, ‘सक्खरा’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला आहे. पुढे लॅटिनमधून तो विज्ञानात गेला. लिनियसने १७५३ मध्ये उसाच्या प्रजातीला ‘सॅकॅरम’ नाव दिले, आणि १८७९ मध्ये अमेरिकेत कॉन्स्टंटिन फालबर्ग याला सापडलेल्या कृत्रिम गोड द्रव्याला ‘सॅकॅरिन’. उच्चारात आता ‘क’ उरला असला, तरी रोमन लिपीत त्या ‘क’ला चिकटलेला ‘एच’ अजून लिहिला जातो. मराठी साखरेतल्या ‘ख’चे ते सख्खे भावंड आहे.

दुसरी वाट वायव्येकडून गेली. वायव्येच्या प्राकृतात ‘श’ टिकून होता, पण र्-क चे क्-क तिथेही झाले होते. त्या बाजूने फारसीत ‘शकर’ गेली, फारसीतून अरबीत ‘सुक्कर’ झाली. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठी नेला आणि शब्दही तिकडे पसरला. इटालियन झुक्केरो, फ्रेंच स्यूक्र, जर्मन त्सुकर, पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली सुकारी ही सगळी त्याच घराण्यातली. स्पॅनिशमध्ये मात्र ‘आसुकार’ आहे आणि पोर्तुगीजमध्ये ‘असुकार’. हा आरंभीचा ‘अ’ अरबी उपपदाचा आहे. ज्या भूमीवर शतकानुशतके अरबी बोलली गेली, तिथे लोकांनी उपपदासकट शब्द उचलला. एका अक्षरात एका प्रदेशाचा इतिहास असा उरतो. यांतल्या एकाही रूपात ‘क’पूर्वीचा रेफ नाही.

यावर आक्षेप घेता येतील आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला आक्षेप योगायोगाचा. दोन भाषांतले शब्द सारखे दिसले की एकातून दुसरा आला, असे म्हणण्याची आपल्याला घाई असते. इंग्रजी ‘शुगर’मधला ‘श’ ऐकून तो थेट शर्करेतला ‘श’ आहे असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून ‘स’ घेऊन आला. त्या ‘स’पुढे ‘य’सारखा ध्वनी होता, आणि दोन्ही मिळून ‘श’ झाला. ‘शुअर’ या शब्दातही तेच घडले, आणि दोन्ही शब्द आजही ‘एस’नेच लिहिले जातात. म्हणून कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. पुरावा तिहेरी लागतो: ध्वनिबदलाचा नियम, मालाची नोंद आणि वाटेतली मधली रूपे. साखरेच्या बाबतीत तिन्ही हाताशी आहेत.

दुसरा आक्षेप दक्षिणेतून येईल. तमिळमध्ये ‘सर्क्करै’ आहे, तिथे रेफ शाबूत आहे. खरे आहे. पण शेजारीच कन्नडमध्ये ‘सक्करे’, तेलुगूत ‘चक्केर’ आणि मलयाळममध्ये ‘चक्कर’ आहे. परदेशी गेला तो यांतलाच शब्द. मलबारच्या ‘चक्कर’वरून पोर्तुगिजांनी ‘जागरा’ केला आणि त्यावरून गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणू लागले. तिसरा आक्षेप असा की, साखर आपली असेल तर हिंदी आणि बंगालीत तिला ‘चीनी’ का म्हणतात, आणि खडीसाखरेला ‘मिस्री’ म्हणजे इजिप्तची का म्हणतात? ही नावे मालाच्या प्रकाराची आहेत. चीनच्या थांग सम्राटाने ६४७ मध्ये साखर करण्याची रीत शिकायला मगधात माणसे पाठवली. पुढे शुद्ध पांढऱ्या साखरेत बाहेरच्या देशांनी नाव कमावले आणि त्या मालाबरोबर त्यांचे नावही इकडे आले. विद्या एकदा बाहेर पडली की ती सुधारून परतही येते. ‘खंड’ या शब्दाचाही असाच प्रवास झाला. फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’ अशी वळणे घेत तो ‘कँडी’ होऊन आपल्या मुलांच्या खिशात परत आला.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बोलीची रूपेच जर इतकी थोर, तर शुद्धलेखनाचे नियम हवेत कशाला? नियम हवेतच. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी लेखनाचे नियम नागपूरच्या आणि सावंतवाडीच्या वाचकाला एकच मजकूर सारखा वाचता यावा, यासाठी आहेत. पण तो व्यवहारासाठी केलेला करार आहे, कुळाचा निवाडा नव्हे. प्रमाण मराठीनेही ‘साखरपुडा’, ‘साखर कारखाना’ असे लिहिताना लोकांचे रूप स्वीकारले आणि ‘रक्तशर्करा’ म्हणताना ग्रंथातले रूप ठेवले. दोन्ही शब्द मराठीच आहेत आणि दोन्हींची कामे वेगळी आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल घरचा शब्द वर्गात घेऊन आले, तर प्रमाण रूप त्याला जरूर शिकवा, पण घरचे रूप अशुद्ध आहे असे सांगू नका. ते वहीत लिहून घ्या, कोणत्या गावचे आहे ते शेजारी नोंदवा, आणि त्यामागचा नियम शोधायला मुलांना लावा. साखरेचा रेफ ज्यांनी गमावला, त्याच बोलणाऱ्यांनी तो शब्द जगाला दिला.