गाडी सुसाट जाईल, आपलं नाव कुठे आहे?

आम्ही वाशीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज रेल्वेबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, वाशीत रेल्वे कुठली? खरं आहे. आपल्याला गाडी धरायची तर येडशी नाहीतर बार्शी गाठावी लागते. पण रेल्वे आपल्या भागाला नवी नाही. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी आपल्या सासूबाईंच्या पिढीनं पाहिली आहे. पुढं २००७-०८ च्या सुमारास तो मार्ग रुंद झाला आणि धाराशिवला मोठी गाडी आली. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा मार्ग होतोय. त्याचं भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झालं.

आणि त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे बुलेट ट्रेन. मुंबई-पुणे-सोलापूर-हैदराबाद अशी अतिवेगवान रेल्वे प्रस्तावात आहे, सुमारे ७११ किलोमीटरची. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, "बरं होईल, लेकीकडं पुण्याला पटकन जाता येईल." दुसरी म्हणाली, "आधी जमीन कुणाची जाईल ते बघ." दोघींचं बरोबर आहे.

ही गाडी साध्या गाडीपेक्षा वेगळी कशी, ते समजून घेऊ. मुंबई-अहमदाबाद मार्गाचं उदाहरण घ्या. लांबी ५०८ किलोमीटर, स्थानकं फक्त १२. वेग ताशी ३२० किलोमीटर. एवढ्या वेगाला वळण चालत नाही, रस्त्याचं फाटक चालत नाही, रुळावर जनावर येऊन चालत नाही. म्हणून मार्ग शक्य तितका सरळ ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी खांबांवरून नेतात. खांबांवरच्या मार्गाला साधारण साडेसतरा मीटर रुंदीची पट्टी लागते. साध्या रेल्वेच्या भरावापेक्षा ही जागा कमी आहे. पण मार्ग सरळ असल्यामुळे तुमची विहीर, तुमचा गोठा वाटेत आला तर तो बाजूनं वळून जात नाही. आणि स्थानकं लांब लांब असल्यामुळे गाडी आपल्या शेतावरून जाते, आपल्यासाठी थांबत नाही.

जपानमध्ये अशी गाडी १९६४ पासून धावते आणि फार सुरक्षित आहे. म्हणून आम्ही गाडीच्या विरोधात नाही. पण पालघर जिल्ह्यात याच मुंबई-अहमदाबाद मार्गाला गावागावांतून विरोध झाला, ग्रामसभांनी ठराव केले. चिकूच्या बागा आणि आदिवासींची शेतं वाटेत होती. जमीन जाणं म्हणजे काय, ते ज्याची जाते त्यालाच कळतं.

आता आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रस्त्यासाठी त्यांच्या शेताचा तुकडा गेला. त्या शेतात खुरपणी, वेचणी, राखण सगळं ताईंनी केलं होतं. पण सातबारा दिराच्या आणि नवऱ्याच्या नावावर. नोटीस त्यांच्या नावानं आली, पैसे त्यांच्या खात्यात गेले. दारात नवी मोटारसायकल उभी राहिली, तेव्हा ताईंना कळलं की पैसे आले. वर्षभरात पैसे संपले. जमीनही नाही, पैसेही नाहीत. ताई आता दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात.

मैत्रिणींनो, मोबदला घाम बघून मिळत नाही, कागद बघून मिळतो. म्हणून मोजणीवाले गावात यायच्या आधी काही कामं करून ठेवू.

पहिलं काम, सातबारा आणि आठ-अ काढा आणि नावं वाचा. घरधनी वारले असतील तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. राहिला असेल तर आजच द्या. घरधनी हयात असतील तर लक्ष्मी मुक्ती योजना आहे. १९९२ पासून नवऱ्यानं स्वतःहून तलाठ्याकडं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं.

दुसरं, माहेरचा हक्क. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच जन्मानं हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट सांगितलं. राखीपौर्णिमेला साडी मिळते आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही मागतात, असं आपल्याकडं होतं. भाऊ प्रेमाचा असतोच. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

तिसरं, २०१३ चा भूसंपादन कायदा. बाजारभाव, त्याला ग्रामीण भागासाठीचा गुणक आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, असा हिशेब असतो. झाडं, विहीर, घर यांची किंमत वेगळी धरतात. म्हणून मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. आंबा, चिंच, बोअर, पाइपलाइन, गोठा सगळं लिहून घ्यायला लावा, फोटो काढा, पंचनाम्याची प्रत मागा. बाजारभाव आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून काढतात. मुद्रांक वाचवायला आपण खरेदीखतात किंमत कमी लिहितो, तीच पुढं सगळ्या गावाला भोवते.

चौथं, ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांच्यासाठी. याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. जमीन जाण्याआधी तीन वर्षं त्या शेतांवर राबून पोट भरणारे मजूर आणि कुळंही बाधित कुटुंबांत येतात. यादी होईल तेव्हा आपलं नाव सांगायला लाजू नका.

पाचवं, हरकत असेल तर मुदतीत, लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं हा विषय मांडा.

आम्ही मागच्या बैठकीत सगळ्यांचे सातबारे आणले. ज्यांचं स्वतःचं नाव होतं त्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. त्या ताई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या जमिनीचा कागद घेऊन नवऱ्यासोबत तलाठी कार्यालयात गेल्या. अर्ज दिला आहे, नोंद व्हायची आहे.

रेल्वे येईल तेव्हा येईल. कदाचित आपल्या तालुक्यात येणारही नाही. पण रस्ता, कालवा, तलाव, काहीतरी येतंच असतं. पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीसोबत सातबाराही आणा. एकमेकींचा वाचून दाखवू.

येतो आम्ही. नमस्कार.