कोलकात्यांतील चिनी वस्ती

कोलकात्याची जुनी चिनी वस्ती पाहावयाची असेल, तर प्रवाशानें रविवारीं पहाटेसच बाहेर पडावें. लालबाजाराजवळच्या टिरेटा बाजारांत त्या वेळीं रस्त्याच्या कडेस न्याहारीचीं भांडीं मांडलेलीं असतात. झांकण उचलतांच वाफ उसळते. आंत मोमो, सारण भरलेले उकडलेले पाव, माशाच्या गोळ्यांचें सार. ऊन वर येतांच हा बाजार आटोपतो. विकणारांत चिनी चेहरे मात्र आतां थोडेच दिसतात.

या लोकांचा आरंभ शहराबाहेर झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत टोंग अच्यू नांवाच्या चिनी गृहस्थास वॉरन हेस्टिंग्जनें हुगळीच्या कांठीं, बजबजनजीक जमीन दिली. त्यानें तेथें साखरेचा कारखाना काढला व मायदेशाहून मजूर आणविले. त्या गांवास अछिपूर म्हणतात. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याचे चिनी लोक अजून त्याच्या समाधीस जातात. पुढें शहरांत आलेल्यांत कँटनचे लोक सुतारकामांत, हाक्का लोक चामड्याच्या धंद्यांत आणि हूबेइ प्रांताचे लोक दंतवैद्यकींत नांवाजले.

न्याहारीनंतर १९०५ सालचें सी इप मंदिर पाहावें. अशा मंदिरांस येथें ‘चर्च’ म्हणण्याची रीत आहे. आंत मात्र करुणेची देवता क्वान-यिन विराजमान आहे. दुपारीं पूर्वेकडील टांग्र्यास जावें. १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील चामड्याच्या कारखान्यांचा काळ सरला व उपाहारगृहांचा आला. तेथें कालीमातेचें एक मंदिर आहे. चिनी भक्त तिला नूडल्सचा नैवेद्य दाखवितात.

इतकी रुजलेली वस्ती ओसरली कशी? १९६२ च्या ऑक्टोबरांत सीमेवर युद्ध पेटलें. देशांतील चिनी वंशाच्या सुमारें ३,००० लोकांस, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांतले बहुतेक आसाम व उत्तर बंगालमधले होते. कित्येकांचा जन्म याच भूमींत झालेला. कोणावर खटला चालला नाहीं. युद्ध महिन्याभरांत थांबलें, परंतु छावणींतील शेवटच्या माणसांची सुटका होण्यास १९६७ साल उजाडलें. कोलकात्यांतही संशयाची छाया पसरली, आणि अनेक कुटुंबें कॅनडासारख्या देशांत निघून गेलीं.

लढले दोन देश. घरें उठलीं तीं शेजाऱ्यांचीं. मुंबईच्या माझगांवांतही १९१९ सालचें एक चिनी मंदिर आहे. आसपासच्या कितीजणांनीं त्याची पायरी चढली असेल? शेजाऱ्याची ओळख शांततेच्या दिवसांत करून घ्यावी. म्हणजे संकटाच्या दिवसांत तो केवळ चेहऱ्यावरून परका ठरत नाहीं. कोलकात्यास जाणारानें रविवारची एक पहाट त्यासाठीं राखून ठेवावी.